अकिहाबारा: रुळांखालचा बाजार

आज टोकियोतल्या अकिहाबाराबद्दल बोलूया. अ‍ॅनिमे बघणाऱ्यांना हे नाव नवीन नाही. मागच्या वर्षी कामासाठी टोकियोला गेलो, तेव्हा मीही एक रविवार काढून तिथे पोचलो. भल्यामोठ्या जाहिराती, फिगर्सची दुकानं, मेड कॅफेची पत्रकं वाटणाऱ्या मुली, सगळं ऐकलं होतं तसंच. पण माझा अर्धा दिवस गेला तो स्टेशनला लागून, रेल्वेच्या रुळांखाली असलेल्या 'रेडिओ सेंटर'मध्ये. समोरून कुणी आलं की अंग चोरावं लागेल एवढ्या अरुंद गल्ल्या, आणि दोन्ही बाजूंना स्विच, कनेक्टर, ट्रान्सफॉर्मर यांनी खच्चून भरलेले गाळे. एवढ्या महागड्या जागी ही दुकानं आली कुठून?

त्यासाठी जरा मागे जाऊ. १८६९ मध्ये इथे मोठी आग लागली. शहर लाकडी घरांचं, त्यामुळे पुढची आग पसरू नये म्हणून सरकारने जळालेली जागा मोकळीच ठेवली आणि १८७० मध्ये तिथे अग्निरक्षणासाठी एक देऊळ उभारलं. लोकांना वाटलं, आगीपासून वाचवणारा देव म्हणजे अकिबाच! म्हणून ते 'अकिबाचं माळरान' झालं. १८९० मध्ये मालगाड्यांसाठी स्टेशन आलं आणि 'अकिहाबारा' हा उच्चार पक्का झाला. आजची पोरं लाडाने 'अकिबा' म्हणतात, म्हणजे नकळत जुन्याच नावाने हाक मारतात.

आता येऊ युद्धानंतरच्या काळात. टोकियो बेचिराख झालेलं, लोकांना बातम्या हव्यात, पण तयार रेडिओ परवडत नाही. जवळच कांदा भागात विजेचं शिक्षण देणारी शाळा होती, तीच आजची टोकियो डेंकी युनिव्हर्सिटी. तिथले विद्यार्थी सुटे भाग आणून रेडिओ जोडायचे आणि विकायचे. बघता बघता रस्त्यावर व्हॅक्यूम ट्यूब आणि वायरींचे ठेले लागले.

१९४९ मध्ये अमेरिकन ताबा प्रशासनाने रस्त्यावरचे ठेले हटवायचा हुकूम काढला. इथे गोष्ट संपली असती. पण विक्रेत्यांनी एकत्र येऊन जागा मागितली आणि त्यांना रुळांखाली गाळे मिळाले. मी उभा होतो ती गल्ली म्हणजे त्याच ठेल्यांचा नवा पत्ता!

पुढचं सगळं याच पायावर उभं राहिलं. आधी टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन. मग १९७६ मध्ये एनईसीने टीके-८० हा मायक्रोकॉम्प्युटर किट काढला, किंमत ८८,५०० येन. तो मुळात इंजिनिअर लोकांच्या प्रशिक्षणासाठी होता, पण हौशी मंडळी तुटून पडली. मग कंपनीने 'रेडिओ काइकान' इमारतीत मदत केंद्रच उघडलं. घरगुती उपकरणांचं गिऱ्हाईक उपनगरांतल्या मोठ्या दुकानांकडे वळलं तरी कॉम्प्युटरवाले इथेच येत राहिले. यातल्या बऱ्याच जणांना गेम आणि अ‍ॅनिमेचंही वेड होतं, म्हणून १९९० च्या दशकात ती दुकानंही मागोमाग आली. २००५ मध्ये एकेबी४८ या गायिकांच्या गटाचं थिएटर सुरू झालं. त्यांच्या नावातलं 'एकेबी' म्हणजे अकिबाच.

म्हणजे माल बदलला, गिऱ्हाईक फारसं बदललं नाही. एकाच गोष्टीच्या मागे हात धुऊन लागणारा माणूस, मग ती ट्यूब असो, प्रोसेसर असो की फिगर.

अर्थात सगळं टिकलं नाही. रुळांखालचंच 'रेडिओ स्टोअर' २०१३ मध्ये बंद झालं. सुटा भाग आता ऑनलाइन मिळतो. मीही तसाच मागवतो, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी मात्र एका गाळ्यावरून दोन टॉगल स्विच घेतले. आजोबांनी ते चालू-बंद करून दाखवले आणि मगच कागदी पाकिटात घातले. कामाचे होते का? नाही. पण १९४९ मध्ये त्या ठेलेवाल्यांना नुसतं हुसकावून लावलं असतं, तर आज आपण अकिहाबाराबद्दल बोलत असतो का, हा विचार काही डोक्यातून जात नाही. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात!