आईचा रिपोर्ट आला!

दहावीच्या निकालाला फुटला नव्हता एवढा घाम मला आईच्या रिपोर्टनं फोडला. नोव्हेंबर २०२०. राज्यात २३ तारखेपासून नववी ते बारावीचे वर्ग भरणार होते. अट होती, शिक्षकांनी आधी आरटीपीसीआर करायची. आई गावी दहावीला गणित शिकवायची. ताप नाही, खोकला नाही. ‘काय धाड भरलीय मला?’ म्हणत नाकात काडी घालून आली. दोन दिवसांनी मेसेज : पॉझिटिव्ह!

शाळेची पहिली घंटा झाली तेव्हा आई माजघरात एकटी बंद. रडलीच. मी मात्र त्या काडीला मनातून थँक्स म्हटलं. एका बाकावर एक मूल, पालकांची संमती, थर्मल गन... सगळं होतं. पण तापच नसलेल्या आईला गन काय पकडणार, बॉस?

अर्थात टेस्ट म्हणजे त्या दिवसाचा फोटो. आज निगेटिव्ह, उद्या लागण! इंग्लंडमध्ये ८ मार्च २०२१ला शाळा उघडल्यावर माध्यमिकच्या मुलांना आठवड्यातून दोनदा घरीच टेस्ट करायला किट मिळाले. आपली अट एकाच टेस्टची. पुन्हा वेळ आलीच, तर काडी वरचेवर आणि वर्गाच्या खिडक्या सताड उघड्या. आई तर आत्ताच तयार आहे!