‘सौम्य’ गाठीचा हट्ट

वैद्यकाच्या परिभाषेत ‘सौम्य’ म्हणजे कर्करोग नव्हे, एवढेच. गाठ गरीब आहे असा त्याचा अर्थ नाही. अमेलोब्लास्टोमा या जबड्याच्या विरळा अर्बुदाविषयी वाचताना या शब्दाने केलेला घोटाळा मला पदोपदी दिसला.

दातांवर एनॅमल चढवणाऱ्या पेशींच्या कुळातली ही गाठ. १८८५ मध्ये मालासे या फ्रेंच संशोधकाने तिला वज्राच्या कठीणपणावरून नाव दिले. गंमत अशी, की तिच्यात एनॅमल तयारच होत नाही. आजचे नाव १९३० चे, आयव्ही आणि चर्चिल यांचे.

ती बहुधा खालच्या जबड्यात, दाढांच्या मागे वाढते. दुखत नाही, म्हणून माणूस अक्कलदाढेवर खापर फोडून वर्षे काढतो. एक्स-रेमध्ये साबणाच्या फेसासारखे बुडबुडे दिसतात, पण तसे ते इतर विकारांतही दिसतात. खात्री बायॉप्सीनेच.

खरा पेच उपचाराचा. नुसती खरवडली तर तिच्या पेशी हाडाच्या जाळीत उरतात आणि ती परतते, कधी दहा वर्षांनीही. म्हणून शल्यविशारद भोवतालचे निरोगी दिसणारे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर हाडही काढतात. ‘कर्करोग नाही, मग जबडा का कापता?’ हा रुग्णाचा प्रश्न रास्तच आहे. त्याला उत्तर मिळायला हवे, धाक नव्हे. गेलेला भाग नडगीशेजारच्या बारीक हाडाने, रक्तवाहिन्यांसकट, भरता येतो. एकाच पोकळीच्या प्रकारात कधी कमी कापूनही भागते.

२०१४ मध्ये यांपैकी बऱ्याच गाठींत बीआरएएफ जनुकातला बदल सापडला. तो रोखणाऱ्या गोळ्यांनी काही रुग्णांच्या गाठी आकसल्या आहेत. मुख्य इलाज अजून शस्त्रक्रियाच. आणि त्यानंतर वर्षानुवर्षे तपासणी.