शून्याचा अर्थ ‘पहिल्यांदा’ नव्हे

वर्धा रोडवरून रूळ ओलांडला की मनीषनगर. आमच्या इमारतीतली एक मुलगी तिथे घरी बसून अमेरिकेतल्या रुग्णालयांचे मेडिकल कोडिंग करते. डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला आकड्यांचा संकेत लावते. मी जन्मभर हर्नियाची ऑपरेशने केलेला, म्हणून एकदा विचारायला आली. “काका, जांघेत हर्निया आहे, जुन्या ऑपरेशनचा व्रणही आहे. पण हर्निया परत आलाय असं कुठेच लिहिलेलं नाही. काय लावू?”

जांघेतल्या हर्नियाचा संकेत ‘के ४०’. एकाच बाजूचा, आतडे न अडकलेला असेल तर ‘के ४०.९’. जागतिक आरोग्य संघटनेची मूळ दहावी आवृत्ती इथेच थांबते. अमेरिकेने तिच्यात आणखी एक आकडा जोडला: परत उद्भवलेला असेल तर १, नाहीतर ०. मात्र या शून्याचा अर्थ ‘पहिल्यांदाच झालेला’ असा नाही. ‘परत आल्याचे नोंदलेले नाही’ एवढाच आहे. व्रण पाहून तर्क करायची मुभा कोडरला नसते. डॉक्टरांना विचारायचे, नाहीतर शून्य.

एका आकड्याने काय बिघडते? परतलेल्या हर्नियात जुन्या व्रणाच्या चिकट पेशीजालातून वाट काढावी लागते. वृषणाच्या रक्तवाहिन्यांना आणि नसांना इजा होण्याचा धोका वाढतो. आधी पुढून ऑपरेशन झाले असेल, तर आता दुर्बिणीने मागच्या बाजूने जाणे बरे पडते. दुसरे असे, की ऑपरेशनची कोणतीही पद्धत शेवटी हर्निया किती जणांना परत झाला यावरच जोखली जाते. दोंडाईच्याचे डॉ. टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचे कापड वापरले, पुण्याचे डॉ. देसरडा यांनी २००१ साली जाळीविना, रुग्णाच्याच पोटाच्या स्नायूपटलाची पट्टी वापरणारी पद्धत प्रसिद्ध केली. दोघांनाही पहिला प्रश्न तोच. आणि मी? कित्येक केसपेपरांवर नुसते ‘हर्निया, उजवा’ लिहून मोकळा झालो.

गंमत म्हणजे, अमेरिकेचा हा संकेत डावे-उजवेही सांगत नाही.

तिने डॉक्टरांना विचारणा पाठवली. उत्तर आले: जुने ऑपरेशन डाव्या बाजूचे, आताचा हर्निया उजवीकडे. तिने शून्य लावले.