पाण्याने मरणारी रोझमेरी

मागच्या जुलैत माझ्या गच्चीवरची रोझमेरी गेली. पानं शेवटपर्यंत हिरवी दिसत होती, म्हणून पावसाने दोन दिवस उघडीप दिली की मी वरून पाणीही घालत होते. कुंडी उपडी केली, तर मुळं काळी, बुळबुळीत आणि मातीला आंबूस वास.

तुळस, पुदिना आणि रोझमेरी एकाच कुळातल्या. त्यामुळे सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की तांब्यातलं उरलेलं सहज हिच्या कुंडीत जातं. पण ही भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ उतारांवरची. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. एक पान उलटं करून पाहा. सुईसारखं अरुंद, कडा खाली मुडपलेल्या आणि मधल्या खाचेत बारीक पांढरी लव. पानाची श्वासरंध्रं त्या लवेत दडलेली असतात, म्हणून कोरड्या वाऱ्यातही पानातलं पाणी फारसं उडत नाही. इतक्या तयारीच्या झाडाला चिखलात उभं केलं, तर मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशी त्यांचा ताबा घेते.

म्हणून माती महत्त्वाची. नुसती काळी माती नकोच. निम्मी माती, निम्मी जाड वाळू किंवा विटांचा चुरा, शेणखत जेमतेम मूठभर. कुंडी मातीची, बुडाला मोठं भोक, खाली बशी ठेवायची नाही. नर्सरीतलं रोप बऱ्याचदा कोकोपीटमध्ये असतं. ते ओल धरून ठेवतं, तेव्हा मुळांभोवतीचं हलकेच मोकळं करून मगच लावा. रोज निदान सहा तास ऊन हवं. बोट दोन पेरं मातीत घालून पाहा, कोरडं लागलं तरच पाणी, आणि तेव्हा मात्र भरपूर.

बियांपासून रोप करण्याच्या भानगडीत पडू नये. त्या सावकाश आणि कमी उगवतात. थंडीत कोवळ्या शेंड्याची चार इंचांची काडी घ्या, खालची पानं काढून ओलसर वाळूत खोचा. महिनाभरात मुळं धरतात. छाटणी हिरव्या भागाचीच करा, जून लाकडापर्यंत कापलेली फांदी सहसा परत फुटत नाही. छाटलेले शेंडे लसणाबरोबर तेलात परतून बटाट्यांवर घाला.

यंदा पहिल्या सरीआधी कुंडी वळचणीला घ्या, आणि तुळशीचा तांब्या तुळशीपाशीच रिकामा करा.