वस्तऱ्यावरचं ध्यान

जर्मनीतल्या विटेनबर्ग गावात पीटर नावाचा एक न्हावी होता. धर्मसुधारक मार्टिन लूथरचा जुना स्नेही. प्रार्थना कशी करावी, असं त्यानं लूथरला विचारलं आणि लूथरनं १५३५ मध्ये त्याच्यासाठी एक छोटी पुस्तिकाच लिहिली. तिच्यातला दाखला पीटरच्याच धंद्यातला आहे: वस्तरा चालवताना गप्पांत रमलास, इकडंतिकडं बघत बसलास, तर गिऱ्हाइकाचं नाक कापशील, प्रसंगी गळाही. प्रार्थनेतही तेवढंच ध्यान हवं.

त्याच वर्षी ईस्टरच्या सुमारास या पीटरनं जेवणाच्या बैठकीत जावयाला भोसकलं. जावई मेला. लूथरनं आणि इतरांनी रदबदली केली म्हणून पीटरचा जीव वाचला, पण हद्दपारी काही चुकली नाही. प्रार्थनेनं माणूस सुधारतोच, असं छातीठोकपणे सांगणाऱ्या पाळकांनी ही हकिकत पाठ करावी. मी केली आहे.

मी लूथरन पाळक. मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी बोलणाऱ्या, संत्री पिकवणाऱ्या पट्ट्यातला. १८७७ साली स्वीडनचे लूथरन मिशनरी मध्य भारतात आले, त्यांच्या कामातून आमची मंडळी उभी राहिली. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस हमखास विचारतो, ‘तुम्ही फादर, मग सोबत बायको कशी?’ याचं उत्तर द्यायला थेट लूथरपर्यंत जावं लागतं.

लूथर मुळात मठवासी. १५०५ साली तो एर्फुर्टच्या मठात गेला. उपास, जागरणं, पापांची कबुली सगळं करून झालं, तरी मनाची तगमग थांबेना. बायबल वाचता वाचता त्याला उमगलं की देवाची कृपा कमवावी लागत नाही, ती फुकट मिळते. मग साधू वरचा आणि संसारी खालचा, ही उतरंडच ढासळली. १५२५ मध्ये त्यानं मठ सोडून आलेल्या कॅथरिना फॉन बोराशी लग्न केलं. विटेनबर्गच्या जुन्या मठातच त्यांनी बिऱ्हाड मांडलं. कॅथरिना बीअर गाळायची, डुकरं पाळायची, घरी राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जेवणाचं बघायची. त्यात सहा लेकरं. पोराचे लंगोट धुणाऱ्या बापाला जग हसलं तरी देव त्याच्यावर खूश असतो, असं लूथरनं १५२२ मध्येच लिहून ठेवलं होतं. (तेव्हा त्याला एकही मूल नव्हतं, हे माझी बायको न चुकता सांगते.)

कृपा फुकट असेल, तर आपल्या चांगल्या कामांची देवाला काय गरज? काहीच नाही. गरज शेजाऱ्याला असते. आंबिया बहाराच्या तोडणीत क्रेटच्या वरच्या थरात टपोरी संत्री आणि तळाला बारीक, अशी भरती काही ठिकाणी चालते. लूथरनं १५२९ च्या लहान कॅटेकिझममध्ये, म्हणजे धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीत, चोरी न करण्याच्या आज्ञेचा अर्थ सांगताना खोटा माल गळ्यात मारणंही त्यातच धरलं आहे. त्यामुळं उपासनेला आलेल्या तोडणीवाल्यांशी मी स्वर्गापेक्षा क्रेटच्या तळाबद्दल जास्त बोलतो.

‘हे तर आमच्या सावता महाराजांनी कधीच सांगितलं,’ एक बागाईतदार म्हणाले. खरं आहे, आणि लूथरच्या अडीचशे वर्षं आधी. पण सावतोबांना विठ्ठल मळ्यातच भेटला. लूथरचा रोख जरा निराळा आहे: देव तुला भेटलेलाच आहे, आता बाजारात तुझं फळ विकत घेणाऱ्याकडं बघ.

फळगळ झाली त्या वर्षी एका म्हातारीनं विचारलं, ‘देवाले भाव मांगनं बरं दिसते का जी?’ मी म्हटलं, खुशाल मागा. प्रभूच्या प्रार्थनेत मागितलेल्या रोजच्या भाकरीचा अर्थ लावताना लूथरनं घर, शेत, गुरंढोरं, चपला, चांगलं हवामान, बरं सरकार आणि विश्वासू शेजारी हे सगळं त्यात कोंबलं आहे. त्यात संत्र्याचा भाव सहज मावतो.

या शिकवणीची एक बाजू मात्र मला आजही बोचते. प्रत्येकानं देवानं दिलेल्या जागी आपापलं काम करावं, हे वाक्य आपल्या देशात कुठं जाऊन पोचतं, ते वाचकांना सांगायला नको. लूथरनंही १५२५ मध्ये बंड केलेल्या शेतकऱ्यांना ठेचून काढा, असं सरदारांना लिहिलं. शेतकऱ्यांच्या मंडळीचा पाळक म्हणून ते पत्रक माझ्या घशाखाली उतरत नाही.

आमच्या मंडळीतले एक जण नगरपालिकेत गटारं साफ करतात. उपासना संपल्यावर त्यांनी मला गाठलं. ‘म्हंजे माहं काम देवानंच नेमलं का?’

नाही, म्हटलं. तुम्हाला नेमलंय ते शेजाऱ्यासाठी, गटारासाठी नव्हे. काम बदलता येतं, बदलावंही. आणि शेजारी तर तुम्हीही आहात, साहेबाचे. लूथरच्याच हिशेबानं तुम्हाला हातमोजे आणि गमबूट देणं ही त्या साहेबाची देवसेवा होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, हे साहेबाला कोण सांगणार?

अर्ज आम्ही दोघांनी मिळून लिहिला. हातमोजे आले. गमबुटांसाठी दुसरा अर्ज दिला आहे.