सोलापूरच्या उन्हात ससे पाळताय? मग हे वाचा

मंडळी, आपल्याकडे सशांचा पहिला शत्रू मांजर नाही, ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि सशाला घाम जवळजवळ येतच नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. पत्र्याखालचा पिंजरा म्हणजे भट्टीच. पत्र्यावर कडबा पसरा, बाजूंना ओलं गोणपाट लावा, बर्फाची बाटली आत ठेवा. ससा तिला चिकटून बसतो. कडक उन्हाळ्यात नराची प्रजननक्षमता घटते, म्हणून जोडी लावायची ती हिवाळ्यात.

मादीला नराच्या पिंजऱ्यात सोडा, उलट नको. आपल्या जागेत शिरलेल्या नराला ती फाडून काढते! गाभणकाळ 30 ते 32 दिवस. अठ्ठाविसाव्या दिवशी गवत घातलेलं खोकं ठेवा. मादी पोटाची लव उपटून त्यात गादी करते. पिल्लं बिनकेसांची, डोळे मिटलेली. आई दिवसातून बहुधा एकदाच, जेमतेम चार-पाच मिनिटं पाजते. बाकी वेळ ती लांब बसते म्हणून ड्रॉपर घेऊन धावू नका. पिल्लांची पोटं टम्म दिसली की समजा, पाजून झालंय.

खायला मुख्यतः वाळलं गवत, जोडीला थोडा लसूणघास. ज्वारीचे कोवळे पोंगे मात्र नकोत, विषबाधा होते.

आणि हो, नान्नजच्या माळावर दिसतो तो रानससा. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. शेतात सापडली तर घरी आणू नका, तिथेच राहू द्या.