पंधरा लिटरमधली कोळंबी

'कोळंबी' म्हटलं की कोकणातल्या पोरांना तवा आठवतो आणि विदर्भातली पोरं विचारतात, "म्हणजे झिंगेच ना?" मी जिच्याबद्दल लिहितोय ती ताटात घेण्याइतकी मोठी होतच नाही. फार तर तीन सेंटिमीटर. बाजारातलं नाव रेड चेरी श्रिम्प, शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. मूळची पूर्व आशियातली, चीन-तैवानकडच्या गोड्या पाण्यातली. तिथे ती तपकिरी, अर्धपारदर्शक असते. लाल रंग पाळणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून आणला. होस्टेलच्या टेबलावर तिची पैदास कशी होते, ते सांगतो.

मासा का नको?

काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश ठेवायची पद्धत आहे. तो मासा वीतभर वाढू शकतो आणि घाणही तशीच करतो, त्यामुळे बिचारा भांड्यात टिकत नाही. चेरी कोळंबी मात्र शेवाळ आणि पानांवरचा जिवाणूंचा बुळबुळीत थर खरवडून खाते. तिची घाण नगण्य. म्हणून छोट्या टाकीत ती नीट जगते, पण अटी आहेत.

माझी टाकी ४० × २० × २५ सेंटिमीटरची, म्हणजे २० लिटरची. खाली वाळू, वर तीन बोटं मोकळी जागा. प्रत्यक्ष पाणी भरतं साधारण १५ लिटर. आता हिशोब बघा. तेवढंच कुजकं अन्न १५० लिटरच्या टाकीत पडलं तर जो अमोनिया होईल, तो इथे दहापट तीव्र. शिवाय लहान टाकीत आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त (१५० लिटरच्या दुपटीहून थोडा अधिक), त्यामुळे पाणी लवकर तापतं आणि लवकर गार होतं. थोडक्यात काय, टाकी जितकी लहान तितकी चुकीला जागा कमी. निदान दहा लिटर पाणी तरी हवंच.

आधी जिवाणू, मग कोळंबी

टाकी भरली की लगेच कोळंबी सोडायची नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू आधी वाळूत आणि स्पंजात वसावे लागतात. पहिली दोन संयुगं विषारी, तिसरं बरंच सौम्य. याला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे सेमिस्टर सुरू होताना टाकी लावली, तर पहिल्या टेस्टच्या सुमारास कोळंबी आणायची.

फिल्टर साधा स्पंजचा. एअर पंपाचे बुडबुडे नळीत चढतात, नळीतलं पाणी-हवेचं मिश्रण बाहेरच्या पाण्यापेक्षा हलकं होऊन वर येतं, आणि त्याची जागा घ्यायला स्पंजातून पाणी आत ओढलं जातं. फ्लुइड मेकॅनिक्सचं प्रात्यक्षिकच! मोटरवाला फिल्टर नको, पिल्लं त्यात ओढली जातात. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर लाईट गेली की पाणी सायफनने उलटं पंपात.

पाणी

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला अँटी-क्लोरीनचे थेंब टाकायचे. बोअरचं पाणी जड असतं. टीडीएस साधारण १५० ते २५० ठेवायचा. समजा बोअरचा टीडीएस ६०० आणि आरओचा ५०; एक भाग बोअर आणि तीन भाग आरओ मिसळलं की (६०० + १५०) ÷ ४, म्हणजे साधारण १८८. नुसतं आरओ चालत नाही, कारण कवच बनवायला कॅल्शियम लागतं. वाफ होऊन पाणी उतरतं तेव्हा क्षार मागेच राहतात, म्हणून तेवढी भर मात्र आरओनेच घालायची. आठवड्याला दीड लिटर पाणी बदललं की पुरे.

नवी कोळंबी आणल्यावर पिशवी थेट ओतू नका. सलाईनचा नवा सेट घ्या, चाकी फिरवून सेकंदाला एखाद-दोन थेंब, असं तासभर टाकीतलं पाणी तिच्या भांड्यात पडू द्या.

पिल्लं कशी होतात?

दहा-बारा कोळंब्यांपासून सुरुवात करा. मादी मोठी आणि गडद. मानेमागे पिवळसर खोगीरासारखा डाग दिसला की समजा अंडी तयार होताहेत. मग ती कात टाकते आणि पाण्यात गंध सोडते. नर वेड्यासारखे टाकीभर पोहायला लागतात. (तुलना वाचकांनी आपापली करावी!) मीलनानंतर अंडी पोटाखालच्या पायांना चिकटतात, वीस-तीस तरी असतात. मादी ते पाय सतत हलवून अंड्यांना ताजं पाणी देत राहते. तापमानानुसार तीन-चार आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात.

गंमत म्हणजे पिल्लू दोन मिलिमीटरचं, पण हुबेहूब आईसारखं. तळ्यात वाढवतात त्या मोठ्या गोड्या पाण्यातल्या कोळंबीचं तसं नाही. तिच्या अळीला अकरा अवस्था पार कराव्या लागतात, त्याही मचूळ पाण्यात. हा टप्पाच नसल्यामुळे चेरी आपल्या टेबलावर वाढते. पिल्लांना लपायला जावा मॉस द्या, आणि कॅम्पसमधल्या देशी बदामाचं गळलेलं, वाळलेलं पान धुऊन टाका. त्यावर जो थर धरतो तेच त्यांचं जेवण. जोडीला उकडलेल्या पालकाचा नखाएवढा तुकडा, उरला तर दोन तासांत काढायचा. मेसची भाजी नको, मीठ-मसाला त्यांनाही सोसत नाही.

रिकामं कवच दिसलं तर घाबरू नका, ती कात आहे. राहू द्या, कॅल्शियमसाठी तीच खातात. अडीच-तीन महिन्यांत पिल्लं स्वतः वयात येतात.

होस्टेलमधले शत्रू

पहिला शत्रू डासांचं औषध. कॉइल, लिक्विड, स्प्रे यांतली पायरेथ्रॉइड्स कीटकांसाठी बनवलेली, आणि कोळंबी कीटकांची नातेवाईकच. ज्या खोलीत टाकी, तिथे मच्छरदाणी लावा. रूम पार्टनरची संमती आधी घ्या, रेक्टरसरांची त्याहून आधी. पेस्ट कंट्रोलची तारीख विचारून ठेवा. दुसरा शत्रू तांबं. तांब्याच्या भांड्यातलं पाणी आणि तांबं असलेली माशांची औषधं वर्ज्य.

तिसरा शत्रू मे महिना. २० अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. छोटा पंखा पाण्यावर सोडला की दोन-तीन अंश उतरतात. सुट्टीत आठवडाभर अन्न नसलं तरी चालतं, पण उन्हाळ्यात बंद खोलीत टाकी ठेवून घरी जाणं म्हणजे त्यांना शिजवणं. गावी नेता येत नसेल तर गावातल्या मित्राकडे द्या.

आणि जास्त झाल्या म्हणून ओढ्यात, विहिरीत सोडू नका. जर्मनीत वीजकेंद्राच्या गरम पाण्यामुळे ऊबदार झालेल्या गिलबाख नावाच्या ओढ्यात हीच कोळंबी वस्ती करून बसली. तिथे निदान थंडीने तिला अडवलं. आपल्याकडे पाणी बाराही महिने ऊबदार, आणि ओढ्यांत आपल्या स्वतःच्या छोट्या कोळंब्या आहेत, त्यांच्या तोंडचा घास जाईल. जास्तीच्या कोळंब्या ज्याची टाकी सहा आठवडे जुनी आहे त्याला द्या. नसेल तर आधी त्याला हा लेख द्या!